उतारावर गार

पोस्टमास्तरांची पांढरी गाडी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात आली, तेव्हा काकू दुसऱ्याच एका गाडीच्या डॅशबोर्डखाली अर्ध्या शिरल्या होत्या. गाडी त्यांना दिसली नाही, पण इंजिनाचा आवाज आता ओळखीचा झाला होता.

"काकू, तुमचे पाहुणे आले," फ्यूज ओरडला. "आता यांची खाट इथेच टाकू या का?"

फ्यूज म्हणजे गॅरेजचा वायरमन. चटकन तापायचा म्हणून हे नाव पडलं होतं, आणि नाव ऐकलं की आणखी तापायचा. दुसऱ्यांची चेष्टा मात्र एकदम थंड डोक्याने करायचा.

पोस्टमास्तर खाली उतरले. अंगात दोन स्वेटर, गळ्याला मफलर, कानटोपी, हातमोजे, नाकाचा शेंडा लाल. माणूस गाडीतून आलाय की बर्फातून चालत, हे सांगणं कठीण होतं.

"गार," ते म्हणाले.

"परत?"

"परत. आणि उद्या दुपारी बाळाला घरी आणायचंय."

बाळाचं सगळ्या गॅरेजला माहीत होतं. पोस्टमास्तरांची लेक दिवस भरायच्या सात आठवडे आधी बाळंत झाली होती. नात मुठीएवढी. डोंगरापलीकडच्या शहरात मोठं इस्पितळ होतं, तिथे पाच आठवडे काचेच्या पेटीत राहून ती आता कुठे दूध ओढायला लागली होती. उद्या बारा वाजता तिला सोडणार होते. अडीच तासांचा रस्ता, मधे डोंगर, आणि थंडी अशी की सकाळी गाड्यांच्या काचांवर बर्फाचा पापुद्रा धरायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आधी गाडी तापवा, मग बाळ आत घ्या, आणि घरी पोचेपर्यंत ऊब मोडू देऊ नका.

"दुसऱ्या कुणाची गाडी नाही मिळणार?" फ्यूजने विचारलं.

"शेजारी देतायत. पण त्यांच्या गाडीची मागची एक काच अर्ध्यावरच अडते."

"आणि ते मोठं वर्कशॉप?"

"ते पुढच्या आठवड्यातली तारीख देतात. म्हणाले, सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल." पोस्टमास्तर काकूंकडे वळले. "तुम्ही दोनदा काम केलंत. दोन्ही वेळा इथे छान गरम हवा येत होती, मी स्वतः हात धरून पाहिलाय. म्हणून तिसऱ्यांदाही इथेच आणली."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. काकूंना तो विश्वासच जड गेला.

काकू मुळात गॅरेजच्या नव्हेतच. गॅरेज त्यांच्या थोरल्या दिरांचं, म्हणजे भाऊजींचं. काकूंचे यजमान मागच्या खोलीत गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे, आणि लग्नानंतर काकूही त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसल्या. भाऊजींची मुलं त्यांना काकू म्हणत. मुलांचं ऐकून भाऊजी काकू म्हणू लागले, भाऊजींचं ऐकून कामगार, आणि कामगारांचं ऐकून गिऱ्हाइकं. शेवटी एकदा नवऱ्याच्याही तोंडून "अहो काकू, दोरा द्या" असं निघून गेलं, त्यावर त्या दिवसभर त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

अकरा वर्षांपूर्वी एका गाडीचं कव्हर चढवताना यजमानांचं अंगुस्तान, सुई ढकलायची ती पितळी टोपी, डॅशबोर्डच्या फटीतून आत पडलं. पुरुषांचे पंजे तिथे शिरेनात. काकूंचा हात लहान. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि अंगुस्तानाबरोबर वाळक्या पानांचा हा एवढा बोळा बाहेर काढला. दोन हिवाळे मुकाट असलेला त्या गाडीचा हिटर त्या क्षणी भसाभस वारा सोडायला लागला. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या, आपापल्या कामाला लागले. काकू मात्र तिथेच उभ्या.

"भाऊजी, हा वारा गरम कशाने होतो?"

भाऊजींनी सांगितलं. गाडीच्या हिटरला वेगळी शेगडी नसते. इंजिन तापतं, त्याला थंड ठेवायला त्याच्यातून पाणी फिरतं, आणि तेच तापलेलं पाणी दोन पाइपांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीत येतं. पंखा त्या जाळीवरून वारा फुंकतो. बस, एवढंच. वाया जाणारी ऊब माणसांच्या कामी येते.

सातवीपर्यंत शिकलेल्या काकूंना हे इतकं आवडलं की त्या दिवशी त्यांनी शिंप्याच्या निळ्या खडूने कापडावर तो सगळा पाण्याचा रस्ता काढला. मग प्रश्न सुरू झाले. पाणी उलटं फिरलं तर? मधे हवा अडकली तर? भाऊजी वैतागायचे, पण सांगायचे. तीन वर्षांत गॅरेजातलं हिटरचं सगळं काम काकूंकडे आलं. जाळी तुंबली आहे का हे बघायला त्या पाइपला तोंड लावून फुंकायच्या आणि गालाला किती जोर पडतो त्यावरून सांगायच्या. गरम-गार तपासायला बोटं वापरायच्या नाहीत, मनगटाची आतली बाजू लावायच्या. "बोटं सुईने मेलीत माझी," त्या म्हणायच्या, "मनगट अजून खरं बोलतं."

तर अशा काकूंपुढे तीच गाडी तिसऱ्यांदा उभी होती.

पहिल्या खेपेला त्यांना पाणी कमी आणि पाइपात हवा सापडली होती. पाणी भरून त्यांनी हवा काढली. त्याच दिवशी भाऊजींनी जुना गंजलेला थर्मोस्टॅटही बदलला होता. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार. इंजिन गार असेतो ते बंद राहतं, म्हणजे पाणी लवकर तापतं. पुरेसं तापलं की उघडतं आणि पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये वाऱ्याने गार व्हायला जातं. दुसऱ्या खेपेला काकूंनी जाळी धुतली, चहाच्या रंगाचं पाणी निघेपर्यंत आणि मग ते नितळ होईपर्यंत. दोन्ही वेळा गाडी गॅरेजात चालू ठेवून पाहिली. वारा कढत.

"जाळीच बदलावी लागणार," भाऊजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "द्या मोठ्या वर्कशॉपला. आपल्याकडे जाळी यायलाच चार दिवस."

"चार दिवस नाहीत, भाऊजी." काकू पोस्टमास्तरांकडे वळल्या. "साहेब, एक सांगा. गार म्हणजे कधी गार? घरातून निघाल्यावर? का सगळा वेळ?"

पोस्टमास्तरांचा चेहरा उजळला. इतका नेमका प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी आतल्या स्वेटरच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"मी नोंद ठेवलीय."

फ्यूजने तोंड फिरवून हसू दाबलं. कागदावर तारीख, वेळ, ठिकाण आणि शेरा असे रकाने होते, रेघा पट्टीने मारलेल्या. काकूंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "गल्लीत, कोमट. सिग्नलला उभे, बऱ्यापैकी ऊब. पूल ओलांडून मोकळा रस्ता, गार. चढण, थोडी ऊब. उतार, अतिशय गार, सौ.नी पाय वर घेतले." त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. "आणि हे काय, काटा?"

"इंजिनाच्या उष्णतेचा काटा. पावावरच असतो. अर्ध्यावर कधी गेलेला नाही."

"चला, गाडीत बसा."

"कुठे?"

"पुलापलीकडे."

ही गोष्ट तशी लाजिरवाणीच होती. काकूंना गाडी चालवता येत नव्हती. कधी गरज पडली नव्हती, त्यामुळे त्यांनी दुरुस्त केलेला प्रत्येक हिटर गॅरेजच्या चार भिंतींत, उभ्या गाडीतच पास झालेला होता. उभ्या गाडीला समोरून वारा लागत नाही, हे त्यांच्या आत्ता, शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावताना डोक्यात आलं आणि त्यांनी जीभ चावली.

पोस्टमास्तर गाडी चालवायचे ती टपाल वाटल्यासारखी, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून. गल्ली संपेपर्यंत हिटरमधून ऊब येत होती. काकूंनी स्वेटरची बाही वर सारून मनगट हिटरच्या वाऱ्यासमोर धरलं होतं. पूल आला. मोकळा रस्ता लागला. गाडीने वेग घेतला आणि मनगटावरची ऊब कुणी पांघरूण ओढून न्यावं तशी गेली. काकूंनी काट्याकडे पाहिलं. काटाही खाली चालला होता.

"थांबवा."

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडलं. गार वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. काकूंनी आधी हिटरचे दोन्ही पाइप पाहिले. दोन्ही सारखेच, जेमतेम कोमट. एक गरम आणि एक गार असता तर जाळी तुंबलेली. दोन्ही सारखे, म्हणजे जाळीतून पाणी नीट फिरतंय, पण मुळात तापलेलंच नाही. मग त्यांनी इंजिनाकडून रेडिएटरला जाणाऱ्या जाड पाइपवर मनगट ठेवलं.

तोही कोमट.

तो गार असायला हवा होता. इंजिन तापलं नाही तोवर दार बंद, आणि दार बंद तर त्या पाइपात गरम पाणी जाणारच नाही. इथे पाणी खुशाल रेडिएटरकडे जाऊन, समोरच्या वाऱ्यात गार होऊन परत येत होतं. उभ्या गाडीत हे लपत होतं. उतारावर इंजिनाला जोर नाही आणि वारा भरपूर, म्हणून तिथे बर्फ. त्या पट्टीने आखलेल्या रकान्यांतला एकेक शेरा जिथल्या तिथे बसला.

काकूंना आनंद झाला, पण अर्धाच. उरलेला अर्धा एका कारणाने अडला.

ते कारण असं. भाऊजींच्या गॅरेजात एक नियम होता. ज्याने जो भाग तपासला त्याने त्यावर खडूने आपली खूण करायची, आणि खूण असलेल्या भागाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. पूर्वी दोघा कामगारांनी एकमेकांवर भरवसा न ठेवता एकच नट आळीपाळीने आवळून तोडला होता, तेव्हापासूनचा हा नियम. भाऊजींची खूण म्हणजे पांढरी फुली. वीस वर्षांत त्या फुलीखालचं काही कुणी उघडून पाहिलं नव्हतं. आणि थर्मोस्टॅटच्या डोक्यावर ती फुली ठसठशीत होती.

गॅरेजात परतल्यावर काकूंनी सांगितलं, "भाऊजी, जाळी चांगली आहे. थर्मोस्टॅट उघडा राहतोय."

हातोडीचा आवाज थांबला. फ्यूज एकदम शहाण्यासारखा वायरींत डोकं खुपसून बसला.

"नवा आहे तो," भाऊजी म्हणाले.

"हो."

"मी बसवलाय."

"हो."

"मग?"

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं होतं. यजमान तोंडात दोरा धरून दारात येऊन उभे राहिले. बायको आणि थोरला भाऊ यांच्यामधे पडायची त्यांची पद्धत नव्हती. पण ते आत गेले नाहीत, हेही काकूंच्या लक्षात आलं.

"भाऊजी, खूण तुमची आहे. म्हणून मी हात लावलेला नाही," काकू म्हणाल्या. "पण तुमचं मनगट द्या. गाडी तासभर गार होऊ दे. मग मी चालू करते, तुम्ही या जाड पाइपवर मनगट ठेवा. पाच मिनिटं तो गार राहिला तर मी चुकले. गाडी मोठ्या वर्कशॉपला पाठवा आणि हिटरचं काम यापुढे फ्यूजला द्या."

"मला नको," वायरींतून आवाज आला.

"तू गप रे," भाऊजी आणि काकू एकदमच म्हणाले.

तो तास फार लांबला. पोस्टमास्तर बाकावर बसून घड्याळ बघत होते. भाऊजी एका टायरशी उगाचच झटापट करत होते. तासाभराने काकूंनी किल्ली फिरवली. भाऊजींनी बाही वर केली, मनगट पाइपवर ठेवलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. एक मिनिट झालं. दुसरं झालं. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या मानेवरची शीर हलली. त्यांनी मनगट उचललं, दुसरं ठेवून पाहिलं. ते मनगटही तेच म्हणालं असावं.

"पाना द्या," ते म्हणाले. "दहाचा."

इंजिन पुन्हा निवल्यावर त्यांनी स्वतःची फुली फडक्याने पुसली आणि नट सोडायला घेतले. खाली घमेलं ठेवलं, हिरवं पाणी त्यात उतरलं. झाकण निघालं, थर्मोस्टॅट बाहेर आला. काकूंनी तो उजेडात धरला. दाराच्या कडेत, आत, काळ्या पेस्टची एक वळलेली अळी अडकलेली होती. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी जाड. तिच्यामुळे दार पूर्ण मिटतच नव्हतं.

भाऊजींची पेस्ट लावण्याची पद्धत सगळ्यांना माहीत होती. झाकण गळू नये म्हणून कडेला पेस्ट लावायची, आणि भाऊजी ती सढळ हाताने लावायचे. आयुष्यात त्यांचं एक झाकण गळलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता. झाकण आवळलं की जास्तीची पेस्ट बाहेर ओघळते तशी आतही ओघळते. इतकी वर्षं ती आत कुठेतरी निमूटपणे चिकटून राहिली असेल. या खेपेला नेमकी दारात जाऊन बसली.

फ्यूज वायरी टाकून बघायला पुढे आला.

भाऊजींनी ती अळी नखाने काढून तळहातावर घेतली. "माझीच," ते म्हणाले. मग पोस्टमास्तरांसमोर जाऊन, जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, चूक माझी होती. काकूंनी दोन्ही वेळा काम चोख केलं होतं."

"नाही हो," काकू म्हणाल्या. "गाडी उभी ठेवून पास केली ती मीच. ती चूक माझी."

"घ्या, आता चुकीवरूनही ओढाताण," यजमान दारातून म्हणाले, आणि तिथे पहिल्यांदा हशा पिकला. पोस्टमास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले.

चहाच्या पातेल्यात पाणी घेऊन काकूंनी त्यात थर्मोस्टॅट सोडला. गार पाण्यात दार घट्ट मिटलेलं. पाणी उकळीला आलं तसं ते हळूच वर उचललं गेलं. गार पाणी ओतलं, पुन्हा मिटलं. असं त्यांनी चार वेळा केलं. चौथ्या वेळी गरज नव्हती, पण पोस्टमास्तरांना फार मजा वाटत होती.

"बसवा," भाऊजी बाजूला सरकले. "तुम्ही बसवा."

काकूंनी कडा खरवडून स्वच्छ केल्या, रबराची नवी रिंग बसवली आणि झाकण ठेवलं.

"पेस्ट?"

"रिंग आहे ना. पेस्ट लागत नाही."

"थोडी तरी."

"अजिबात नाही."

भाऊजींनी पेस्टची नळी उचललेली होती, ती गुपचूप खिशात टाकली. काकूंनी नट आवळले, पाणी भरलं, भाऊजींकडून गाडीचं तोंड चढावर करवून घेऊन शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत हवा काढली. झाकणाखालून बोट फिरवलं. कोरडं. मग शिंप्याच्या निळ्या खडूने त्यावर आपला गोल काढला.

पुलापलीकडे या खेपेला तिघं गेले. भाऊजी मागच्या सीटवर, कोट, टोपी, हाताची घडी. काटा पाव ओलांडून वर चढला आणि बरोबर अर्ध्यावर जाऊन थांबला. पोस्टमास्तरांनी त्या काट्याला इतका वेळ पाहिलं की काकूंना म्हणावं लागलं, "साहेब, रस्त्याकडे." पहिली चढण गेली. मग मोठा उतार आला. काकूंनी मनगट पुढे केलं नाही. मुद्दामच. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या समोर बघत राहिल्या.

उताराच्या मध्यावर मागून आवाज आला, "जरा कमी करा हो. भाजतंय."

भाऊजींनी टोपी काढलेली होती आणि ते कोटाची बटणं सोडत होते. गॅरेजपर्यंतच्या वाटेत त्यांनी पोस्टमास्तरांना, त्यांनी विचारलेलं नसताना, तीन गोष्टी ऐकवल्या. काकूंनी एका गाडीचा बिघाड नुसत्या वासावरून ओळखला होता. काकूंचा हात जिथे जातो तिथे बाजारातलं कुठलंही हत्यार जात नाही. आणि काकूंना हे सगळं शिकवलं कुणी, तर त्यांनी. "पण आता मला विचारत नाहीत," ते म्हणाले. "विचारायची गरजच उरली नाही." हे सांगतानाची त्यांची ऐट अशी, की गाडीत कोण कुणाचं कौतुक करतंय तेच कळेना. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांचे कान तापले होते, आणि ते काही हिटरने नाही.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजल्यापासून गॅरेजात कामं जरा सावकाशच चालली होती. कुणी कबूल करत नव्हतं, पण प्रत्येकाला दारापाशीच काहीतरी काम निघत होतं. यजमान तर शिवण रस्त्यालगत घेऊन बसले होते, "आत उजेड नाही" म्हणून.

तीनच्या सुमाराला पांढरी गाडी आली. वेग कमी झाला, कडेला थांबली. काचा सगळ्या बंद. भाऊजी पुढे होऊन काचेवर टकटक करणार, तेवढ्यात आतून पोस्टमास्तरांनी हात हलवून जोरजोरात नको नको केलं. काच उघडली तर ऊब जाईल! आत ते सदऱ्याच्या बाह्या दुमडून बसले होते, कपाळावर घाम. बाहेर फ्यूजच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

मागच्या सीटवर त्यांची लेक होती. तिच्या मांडीवर पांढऱ्या कापडाचं एक गाठोडं होतं. तिने काकूंना ओळखलं, कशावरून कोण जाणे. तिने गाठोड्याची खालची घडी हळूच बाजूला केली आणि काचेजवळ धरलं. एक उघडं पाऊल, काकूंच्या अंगठ्याएवढं, बिनमोज्याचं, गुलाबी. पाचही बोटं ऐसपैस पसरलेली.

काकूंनी पदराला हात पुसले, जणू आता त्यांना ते हातात घ्यायचंच होतं.

गाडी गेली. भाऊजी घसा खाकरून म्हणाले, "काकू, आत एक गाडी आलीय. गिऱ्हाईक म्हणतंय, हिटर गार वारा टाकतो."

"चालवत कुणी आणलीय?" काकूंनी विचारलं. "त्यांना म्हणावं, उतरू नका. आधी पुलापलीकडे जाऊन येऊ."